अल्स्टरचीं प्राचीन राज्यें व त्यांच्या वंशावळी

आयर्लंडच्या उत्तर भागास अल्स्टर असें म्हणतात. या प्रांतांत नऊ परगणे मोडतात. इ. स. १९२१ सालच्या फाळणींत त्यांपैकीं सहा परगणे ‘उत्तर आयर्लंड’ या नांवानें ब्रिटिश राज्यांत राहिले, आणि डोनेगल, कॅव्हन व मोनहन हे तीन दक्षिणेकडील आयरिश राज्याच्या वांट्यास गेले. ही फाळणी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ज्या नांवाखालीं हा सगळा प्रदेश एकत्र ओळखला जातो तें नांव मूळचें कोणाचें, याचा विचार फारसा होत नाहीं. प्राचीन काळीं तेथें ‘उलाद’ नांवाचे लोक नांदत होते. त्यांच्या नांवाला नॉर्स लोकांनीं आपल्या बोलण्याच्या धाटणीनें वळण दिलें, आणि तेंच पुढें इंग्रजींत ‘अल्स्टर’ झालें. परंतु आश्चर्य असें, कीं आयर्लंडचा लेखी इतिहास विश्वसनीय होऊं लागतो त्या सुमारास या उलादांच्या सत्तेखालीं नऊ परगण्यांपैकीं फार तर दोन-तीन परगण्यांएवढीच भूमि उरली होती. ज्यांनीं भूमि जिंकली त्यांचें नांव प्रांतास मिळालें नाहीं. ज्यांनीं ती गमावली त्यांचें मिळालें. असें कां घडावें? याचें उत्तर मिळण्यासाठीं त्या काळच्या गेलिक समाजांत राज्य कशास म्हणत, आणि राजाच्या वंशावळीस एवढें मोल कां असे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

गेलिक समाजाचा मूळ घटक ‘तूआथ’ हा होता. या शब्दाचा अर्थ जन किंवा लोक. त्या लोकांच्या वस्तीची भूमि, असाही अर्थ त्यांत येतो. एका तूआथाचा विस्तार आजच्या एखाद्या लहान तालुक्याएवढा असे; आणि तेवढ्या प्रदेशास स्वतःचा राजा असे. सातव्या-आठव्या शतकांत एका वेळीं सबंध बेटावर दीडशेंच्या आसपास राजे असावेत असा विद्वानांचा अंदाज आहे. अर्थात् ‘राजा’ या शब्दाबरोबर मुकुट, सिंहासन, राजधानी व खडी फौज यांचें जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तें येथें लागू पडत नाहीं. त्या काळीं आयर्लंडांत शहरें नव्हतीं, नाणीं पाडलीं जात नव्हतीं. संपत्ति मोजावयाची ती दुभत्या गाईंवर. राजाचें घर म्हणजे मातीच्या गोल तटाच्या आंत बांधलेली एक मोठी गढीच असे.

इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेल्या एका कायदेग्रंथांत समाजाच्या सर्व पायऱ्या क्रमवार सांगितल्या आहेत. त्यांत प्रत्येक माणसाच्या अब्रूची किंमत ठरवून दिलेली आढळते. या किंमतीस त्यांच्या भाषेंत जो शब्द आहे त्याचा अक्षरशः अर्थ ‘तोंडाची किंमत’ असा होतो. ज्या मराठी माणसास ‘तोंड दाखवावयास जागा उरली नाहीं’ हा वाक्प्रचार परिचित आहे, त्यास या कल्पनेचें मर्म सांगावयास नको. एका तूआथाच्या राजाच्या तोंडाची किंमत सात दासी एवढी धरीत, आणि एक दासी म्हणजे साधारणतः तीन दुभत्या गाई असा हिशेब असे. त्याच्याहून वरचा राजा म्हणजे अनेक तूआथांचा अधिपति, आणि त्याच्याही वरचा तो राजांचा राजा. वरचा राजा खालच्या राजाची भूमि खालसा करीत नसे, तेथें आपला अंमलदारही नेमीत नसे. तो गुरें घेई, प्रसंगीं लढाईस माणसें मागे, आणि या सर्वांची हमी म्हणून खालच्या राजाचा मुलगा किंवा जवळचा नातलग आपल्यापाशीं ओलीस ठेवी. ओलीस बाळगल्यावांचून राजेपणाच सिद्ध होत नाहीं, अशी त्या समाजाची समजूत होती. राज्याची सीमा जमिनीवर आंखलेली नसे. कोणी कोणास ओलीस दिले यावरून ती ओळखावयाची.

राजाचा वारस ठरविण्याची रीतही निराळी होती. थोरल्या मुलासच गादी मिळे असें नाहीं. एका पणज्याचे जेवढे पुरुष वंशज, तेवढे सारे हक्कदार, आणि त्यांतून जो बलवान् किंवा योग्य ठरे तो राजा होई. यामुळें कोणाचा पणजा कोण, हा प्रश्न केवळ कौतुकाचा राहत नसे. त्यावर राज्य अवलंबून असे. म्हणून प्रत्येक राजाच्या पदरीं वंशावळी मुखोद्गत असलेले विद्वान् असत. हे कवीही असत, इतिहासकारही असत. त्यांच्या मुखांतील वंशावळ हेंच त्या राजाचें दानपत्र व तीच त्याची सनद होती. आणि सनदेंत फेरफार करण्याचा मोह जसा सर्व देशांत व सर्व काळीं होतो, तसा तो तेथेंही झाला.

आतां उलादांकडे वळूं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील टॉलेमी यानें आपल्या भूगोलांत आयर्लंडमधील लोकांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत ईशान्येकडील एका जनाचें जें नांव आहे, तें उलादांचेंच प्राचीन रूप असें मानतात. त्यांचें पीठ म्हणून जें स्थान आयरिश परंपरेंत अमर झालें आहे, तें एमन माखा. आजच्या आर्मा शहराच्या पश्चिमेस तीनेक किलोमीटरांवर तें आहे. माखा या गर्भवती स्त्रीस राजाच्या घोड्यांबरोबर शर्यत धांवावयास लावलें, शर्यतीच्या अखेरीस ती तेथेंच जुळ्यांना प्रसवली, आणि ऐन संकटाच्या वेळीं उलाद पुरुषांना प्रसववेदना होतील असा तिनें शाप दिला, अशी या नांवाची कथा आहे. ‘माखेचीं जुळीं’ असा नांवाचा अर्थ लावतात. याच शापाच्या धाग्यावर उलादांच्या वीरकथा गुंफल्या गेल्या. राजा कोनखोवर, वीर कूखुलिन, आणि एका बैलासाठीं उलादांवर स्वारी करणारी कॉनाक्टची राणी मेव्ह, हीं त्यांतील मुख्य पात्रें. सारे उलाद शापानें पडून राहिले असतां एकट्या कूखुलिनानें सीमा राखली, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. या कथांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या मोठ्या पोथ्या अकराव्या शतकाच्या अखेरीच्या व बाराव्या शतकाच्या आहेत. त्या कथांत उलादांची सत्ता सबंध उत्तरेवर पसरलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत एमन माखा येथें उत्खनन झालें, तेव्हां जें सांपडलें तें कथांइतकेंच अद्भुत होतें. तेथें सुमारें चाळीस मीटर व्यासाची एक प्रचंड गोल इमारत उभी होती. तिचे ओकाचे खांब एकांत एक अशा वर्तुळांनीं पुरलेले होते. मधल्या मोठ्या खांबाच्या बुंध्यावरील वार्षिक वलयें मोजून असें ठरलें, कीं तें झाड इ. स. पूर्वीं ९५ च्या अखेरीस किंवा पुढील वर्षाच्या आरंभीं तोडलें असावें. ही इमारत बांधल्यावर बांधणारांनीं ती चुन्याच्या दगडांनीं आंतून भरून काढली, मग मुद्दाम पेटविली, आणि वर हिरवळीच्या मातीचा टेंकडीवजा ढीग रचला. त्याच जागीं, परंतु या इमारतीहून जुन्या थरांत, उत्तर आफ्रिकेंतील जातीच्या एका माकडाची कवटीही सांपडली. तें जनावर दूरच्या कोणा राजास नजराणा म्हणून आलें असावें. एवढें खरें, कीं ख्रिस्तपूर्व काळीं या ठिकाणीं असा कोणी अधिपति होता कीं ज्याच्या शब्दाखातर शेंकडों माणसें जंगलें तोडीत, दगड वाहत आणि बांधलेलें पेटवून देत.

परंतु आयरिश परंपरा एमन माखाच्या जळण्याची जी हकीकत देते ती अगदीं वेगळी आहे. चौथ्या शतकांत कोला नांवाच्या तीन भावांनीं उलादांचा पराभव करून एमन माखा जाळलें, आणि जिंकलेल्या भूमींत ‘आर्गिआला’ हें नवें राज्य स्थापलें, असें ती म्हणते. उत्खननांत सांपडलेली आग याच्या चारशेंहून अधिक वर्षें आधींची, आणि तीही शत्रूनें लावलेली नव्हे. मग कोलांची कथा कोठून आली?

तिचा तपशील पाहिला कीं तिचें प्रयोजन कळून येतें. ते तिघे भाऊ म्हणे टाराच्या राजवंशांतलेच. टारा हें मध्य आयर्लंडांतील पुरातन राजपीठ. तेथील राजपद सर्वश्रेष्ठ मानलें जाई. या भावांनीं आपल्या चुलत्यास, म्हणजे टाराच्या राजास ठार मारलें. सगोत्राची हत्या हें गेलिक समाजांत सर्वांत घोर पातक. त्यामुळें त्यांचा व त्यांच्या वंशजांचा टाराच्या गादीवरील हक्क कायमचा बुडाला. पुढें मेलेल्या राजाच्या मुलानें त्यांना क्षमा केली, आणि उलादांची भूमि जिंकून तेथें राहा असें सांगितलें. आतां प्रत्यक्षांत आर्गिआला कोण होते? अल्स्टरच्या मधल्या भागांतील लहान लहान जनांचा तो एक संघ होता. ‘आर्गिआला’ या शब्दाचा अर्थच ‘ओलीस देणारे’ असा आहे. ते ज्यांना ओलीस देत तें ‘ई नेल’ म्हणजे नीअलच्या वंशजांचें घराणें टाराच्या राजपदावर हक्क सांगत असे. ओलीस देणारे हे नात्यानें जवळचे, म्हणून मानाचे. पण पातकानें डागाळलेले, म्हणून गादीस अपात्र. त्यांचा दर्जा जसा होता, तशी बेतून ही कथा रचली आहे. एखाद्या तहाचीं कलमें पूर्वजांच्या तोंडीं घालावीं, तसा हा प्रकार आहे. जन्मानें कोण कोणाचा हें या वंशावळींतून कळत नाहीं. कोणी कोणापुढें किती वांकावयाचें, हें मात्र बिनचूक कळतें. पुढें ओलीस देणें हें लाजिरवाणें वाटूं लागलें, तेव्हां त्याच नांवाची दुसरी व्युत्पत्ति निघाली: त्यांच्या ओलिसांना सोन्याच्या बेड्या घालीत, म्हणून ते ‘सोन्याचे ओलीस’!

ई नेल घराण्याचा मूळपुरुष ‘नऊ ओलिसांचा नीअल’ हा पांचव्या शतकांतला मानतात. राजाच्या मोठेपणाचें माप ओलिसांवरून घेत, हें त्याच्या बिरुदावरूनच दिसतें. त्याच्या मुलांपैकीं कोनल व ओवन यांच्या नांवाचीं दोन कुळें वायव्येस, आजच्या डोनेगल भागांत प्रबळ झालीं. तेथील इनिशोवेन हें द्वीपकल्प म्हणजे ‘ओवनचें बेट’. या ओवन-कुळानें पुढें पूर्वेकडे सरकत सरकत मध्य अल्स्टर व्यापलें, आणि टिरोन, म्हणजे ‘ओवनची भूमि’, हें नांव त्यांच्या मागोमाग तेथें गेलें. भूमीवर नांव कसें चालत जातें, याचा हा चांगला दाखला आहे.

अशा रीतीनें उलाद बॅन नदीच्या पूर्वेस, मुख्यतः आजच्या अँट्रिम व डाउन या परगण्यांत, कोंडले गेले. परंतु या कोंडलेल्या प्रदेशांतही एकच जन नव्हता. डाउनपॅट्रिकच्या आसपास ‘दाल फियतख’ हें घराणें होतें. खरे उलाद ते हेच. उत्तरेस अँट्रिमच्या मैदानांत ‘दाल नारिदी’ व डाउनच्या पश्चिमेस ‘ई एखाख’ हीं घराणीं होतीं. या दोघांना जुन्या बखरींत ‘क्रुथिन’ म्हटलें आहे. स्कॉटलंडांतील पिक्ट लोकांनाही आयरिश भाषेंत हाच शब्द लावीत. तथापि आयर्लंडांतले क्रुथिन निराळी भाषा बोलत होते असें दाखविणारा पुरावा नाहीं. ईशान्येच्या टोंकास ‘दाल रिआता’ हे लोक होते. ‘दाल’ या शब्दाचा अर्थ वांटा किंवा हिस्सा असा आहे, हें आठव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार बीड यानेंही नोंदवून ठेवलें आहे. या दाल रिआतांनीं समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही राज्य केलें. त्या दर्यावर्दी लोकांना समुद्र हा वाटेंतला अडथळा नव्हता. राज्याचे दोन्ही कांठ जोडणारा तो रस्ताच होता. गेलिक भाषा स्कॉटलंडांत रुजविण्यांत त्यांचा वांटा फार मोठा आहे.

उलादांचें अधिराजपद कधीं दाल फियतखांकडे, तर कधीं क्रुथिनांकडे जाई. सातव्या शतकांत तें क्रुथिनांतील कोंगल नांवाच्या पुरुषाकडे आलें. याच्या कारकीर्दींत उलादांनीं गेलेलें वैभव परत मिळविण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न केला. इ. स. ६२८ सालीं त्यानें ओवन-कुळांतील सुइब्ने मेन या टाराच्या राजास ठार मारलें. त्यानंतर कोनल-कुळांतील डोनल हा प्रबळ झाला, आणि अखेर ६३७ सालीं माग रोथच्या मैदानावर, म्हणजे आजच्या मोयरा गांवाजवळ, दोघांची गांठ पडली. समुद्रापलीकडून दाल रिआतांचा राजा कोंगलच्या मदतीस आला होता. तरीही त्याचा पराभव झाला, आणि कोंगल रणांत पडला.

टाराच्या राजांच्या ज्या याद्या पुढील काळांत तयार झाल्या, त्यांत कोंगलचें नांव नाहीं. त्या याद्या विजेत्यांच्या बाजूच्या. तेव्हां तो टारास कधीं पोंचलाच नाहीं असें कोणीही समजला असता. परंतु मधमाश्यांविषयींच्या एका जुन्या कायदेग्रंथांत त्याचें नांव अचानक भेटतें! शेजाऱ्याच्या माश्या चावल्या तर भरपाई कशी ठरवावी, याची तेथें चर्चा आहे. कोणत्या पोळ्यांतील माशी चावली हें ओळखणें अशक्य, म्हणून सर्व पोळ्यांवर चिठ्ठ्या टाकाव्या आणि ज्यावर चिठ्ठी पडेल तें पोळें दंड म्हणून द्यावें, असा निवाडा सांगितला आहे. त्यास आधार म्हणून एक जुना दाखला दिला आहे: कोंगल हा टाराचा राजा होता, मधमाशीच्या दंशानें त्याचा एक डोळा गेला, आणि त्यामुळें त्याचें राजपद गेलें. राजा निर्व्यंग असला पाहिजे, अशी त्या समाजाची कठोर अट होती. ज्या ग्रंथकारास राजकारणाशीं कर्तव्य नव्हतें, ज्यास केवळ माश्यांचा न्याय सांगावयाचा होता, त्याच्या एका ओळींत ही गोष्ट टिकून राहिली. इतिहासाच्या अभ्यासकांना राजांच्या स्तुतीपेक्षां असा ओझरता उल्लेख अधिक मोलाचा कां वाटतो, हें यावरून ध्यानांत येईल.

माग रोथनंतर उलादांची पीछेहाट थांबली नाहीं. ७३५ सालीं फोखर्त येथें त्यांचा राजा एड रोन मारला गेला, आणि दक्षिणेकडील सखल प्रदेश त्यांच्या हातून गेला. ८२७ सालीं लेथ काम येथें ओवन-कुळाच्या नीअल काले यानें उलाद व आर्गिआला यांच्या एकत्रित सैन्याचा मोड केला. तेव्हांपासून आर्गिआला हे ओवन-कुळाचे पुरते मांडलिक झाले.

भूमि जात होती, पण नांवाची किंमत चढत होती. कूखुलिन व कोनखोवर यांच्या कथा सर्व आयर्लंडभर कवींच्या मुखीं होत्या. मग त्या वीरांचा वारसा कोणास नको होता? आठव्या शतकाच्या अखेरीनंतर ‘क्रुथिन’ हा शब्द बखरींतून दिसेनासा होतो. लोक नाहींसे झाले नव्हते. त्यांनीं जुनें नांव टाकून नवें पांघरलें होतें. दाल नारिदींच्या वंशावळकारांनीं आपलें कूळ कोनल केर्नाख या उलाद वीरापर्यंत नेऊन भिडविलें, आणि ‘खरे उलाद ते आम्हीच’ असा दावा मांडला. ज्यांना जुन्या नोंदी उलादांहून वेगळे मानतात, त्यांनींच उलादपणाचा अस्सलपणा स्वतःकडे घ्यावा, हें विचित्र दिसतें खरें. परंतु वंशावळ ही सनद आहे हें एकदां ध्यानांत घेतलें, म्हणजे त्यांत विचित्र असें कांहीं राहत नाहीं.

११७७ सालीं जॉन डि कूर्सी या अँग्लो-नॉर्मन सरदारानें डाउनपॅट्रिक घेतलें, आणि मॅक डनलेव्ही या उलाद राजवंशाच्या सत्तेचा शेवट जवळ आला. १२०५ सालीं इंग्लंडच्या राजानें ‘अर्ल ऑफ अल्स्टर’ ही पदवी निर्माण केली. नांव मात्र त्यांनाही उलादांचेंच घ्यावें लागलें. आणि ज्यांच्या पूर्वजांनीं उलादांना पूर्वेस रेटलें, त्या ओवन-कुळांतील ओ’नील घराण्यानें काय केलें? १३१७ च्या सुमारास पोपला पाठविलेल्या तक्रारअर्जांत डोनल ओ’नील यानें स्वतःस ‘अल्स्टरचा राजा’ म्हणवून घेतलें. १३८७ सालीं त्याच घराण्यांतील नीअल यानें एमन माखा येथें आयर्लंडच्या विद्वानांच्या पाहुणचारासाठीं एक घर बांधलें. ज्या टेंकडीवर जिंकलेल्यांची कीर्ति उभी होती, त्याच टेंकडीवर जिंकणारांनीं वंशावळकारांसाठीं पंगती मांडल्या.

प्रांतास उलादांचेंच नांव कां राहिलें, या प्रश्नाचें उत्तर यांत आहे. तलवारीनें भूमि मिळते. परंतु त्या भूमीवर आपण पूर्वापारचे आहों असें म्हणावयाचें तर जुन्या नांवाचा आश्रय करावा लागतो. उलादांचें नांव त्यांच्या वंशजांनीं टिकविलें तसें तें त्यांच्या शत्रूंनींही टिकविलें. आर्गिआला आणि क्रुथिन यांच्या वंशावळी खोट्या म्हणून फेंकून देण्याचें कारण नाहीं. त्या रक्ताचा पुरावा म्हणून वाचल्या तर फसवितात. कोणत्या काळीं कोणास कोणाशीं नातें जोडण्याची गरज पडली, याचा पुरावा म्हणून वाचल्या तर खरें सांगतात. अल्स्टरांत ‘येथले मूळचे कोण’ हा वाद विसाव्या शतकांतही रक्त सांडून गेला, आणि त्यांत क्रुथिन व कूखुलिन या दोघांचींही नांवें नव्यानें पुढें केलीं गेलीं. ज्या भूमींत हजार वर्षांपूर्वींच लोकांनीं गरजेप्रमाणें पूर्वज बदलले, तेथें शुद्ध मूळ शोधणारास अखेर काय हातीं लागेल, हें त्या जुन्या वंशावळींनींच सांगून ठेवलें आहे.